रानावर पहिला हक्क कुणाचा?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. ती कुठून आली याच्या दहा कथा लोक सांगतात, त्या तूर्त बाजूला ठेवू. पण जंगलापुरती ही जोडी लावून पाहिली तर गंमत होते. जर्मनीचा जवळपास एक तृतीयांश भूभाग जंगलाखाली आहे. भारताच्या १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणानंही देशासाठी एक तृतीयांशाचंच उद्दिष्ट ठेवलं होतं. आणि परभणी? सरकारी नोंदीत आमच्या जिल्ह्याचं वनक्षेत्र एक टक्क्याच्या आसपास घुटमळतं. साहजिकच, ‘परभणीचं जंगल बघायला चाललोय’ असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘कुठंय ते?’

आहे. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगांचं शेपूट येतं, तिथं आहे. दक्षिणेला गंगाखेडकडं बालाघाटचे डोंगर शिरतात, तिथंही थोडंफार आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा औंढा, कळमनुरी, सेनगावकडचा डोंगराळ भाग तिकडं गेला. आपल्या वाट्याला राहिली ती मुख्यतः गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांची काळी सपाट माती. ही माती इतकी कसदार की तिनं झाडाला जागा ठेवली नाही. जिथं नांगर चालतो तिथं रान उरत नाही, हा मराठवाड्याचा साधा हिशोब आहे. नांगर चालत नाही तिथं जे उरलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

परवा दिवाळीच्या तोंडावर एका बागवान मित्रासोबत जिंतूरच्या पुढं येलदरीकडच्या डोंगरात गेलो होतो. परभणी सोडली की झरी, बोरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढून झालेलं सोयाबीन, फुटलेला कापूस आणि फुलावर आलेली तूर. जिंतूर ओलांडलं की जमीन हळूहळू चढायला लागते. काळ्या मातीत आधी मुरूम मिसळतो, मग दगड वर येतात, आणि पीक विरळ होत जातं. मग टेकड्या. लांबून पाहिलं तर बोडक्या, पिवळट, काही नसल्यासारख्या.

जवळ गेल्यावर मात्र एकेक ओळख पटू लागते. पळस, खैर, हिवर, धावडा, बोर, टेंभुर्णी, आपटा, खुरटं सागवान. त्यांच्यामध्ये तरवडाची पिवळी फुलं. आणि सगळ्या उतारांवर सीताफळ. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलं आणि मराठवाड्याच्या दगडात असं रुजलं की जणू इथलंच. त्याचा पाला कडू, शेळी त्याला तोंड लावत नाही. म्हणून चराईच्या डोंगरावर ते टिकून राहिलं.

माझा मित्र या डोंगराकडं टोपल्यांच्या हिशोबानं पाहतो. त्याच्या घरात तीन पिढ्या फळांचा धंदा. डोंगराच्या कडेच्या वस्त्यांमधल्या बाया पहाटे सीताफळं तोडतात, पाट्या डोक्यावर घेऊन रस्त्यावर येतात, आणि बागवान ती घेऊन जिंतूरच्या, परभणीच्या बाजारात आणतात. या फळाला खत नाही, फवारणी नाही, मालक नाही. तो म्हणाला, ‘लागवडीचा माल आता नगर-पुण्याकडून येतो. बडा रहता है, दिखने को अच्छा रहता है. पर डोंगरचा माल संपला की गिऱ्हाईक विचारतंच, गावरान कधी येणार?’ या एका वाक्यात डोंगराची सगळी अर्थव्यवस्था आहे. तोडणारी बहुधा भूमिहीन, विकणारा बागवान, खाणारा शहरातला. आणि कुठल्याच सरकारी कागदावर या पाटीची नोंद नाही.

वर एका पठारावर एक आजी शेळ्या चारत होती. सात शेळ्या, दोन करडं. आम्हाला झाडं न्याहाळताना पाहून ती म्हणाली, ‘काय बघायलाव बाबा? काट्याबिगर हितं काय बी न्हाई.’ मग मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. हिवराच्या शेंगा शेळीला दुधाला चांगल्या. पळसाच्या पानाच्या पत्रावळ्या. टेंभुर्णीचा पाला विडीला. तरवडाची साल पूर्वी कातडं कमवायला न्यायचे. बोराटी कुंपणाला. मारवेल गवत बैलाला, आणि कुसळी कोवळी असेपर्यंतच, नंतर ती जनावराच्या तोंडात टोचते. ‘काय बी न्हाई’ म्हणणाऱ्या त्या बाईनं अर्ध्या तासात जे मोजून दाखवलं, ते एखाद्या दुकानाच्या यादीपेक्षा मोठं होतं.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. शेजारच्या टेकडीला तारेचं कुंपण पडलं होतं, आत ओळीनं खड्डे खोदलेले होते आणि फलकावर लिहिलं होतं, ‘वृक्षलागवड क्षेत्र. चराई बंद.’ ती म्हणाली, ‘हे बी घेतलं तर मी कुठं जाऊ?’

पडीक कुणासाठी?

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. त्याच्या मागं शब्दांचा मोठा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा. त्या कागदांत ‘खारीज खाता’ असा एक वर्ग होता. खारीज म्हणजे बाहेर काढलेलं. ज्या जमिनीवर कुणाचं खातं नाही, म्हणून जी हिशोबाच्या बाहेर. मराठीत आपण ‘पडीक’ म्हणतो. इंग्रजीत ‘वेस्टलँड’. केंद्र सरकार २००० सालापासून देशाचा ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’ काढतं आणि त्यात झुडपी जमिनीला स्वतंत्र रकाना आहे. राज्यं बदलली, भाषा बदलल्या, पण कल्पना तीच राहिली. ज्यातून सारा येत नाही किंवा लाकूड निघत नाही, ती जमीन वाया.

लाकडाची ही कल्पना कुठून आली, याचं उत्तर पुन्हा जर्मनीकडं नेतं. १८६४ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक नेमला तो डिट्रिख ब्रँडिस, बॉनमध्ये जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्यामागून आलेले दोन प्रमुखही जर्मनच होते. रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर लागत होते, जहाजांना सागवान लागत होतं. जंगल म्हणजे उभ्या झाडांचा साठा, त्याची मोजदाद करायची, ठरावीक वर्षांनी कापायचा, ही पद्धत त्या काळात इथं रुजली. ब्रँडिसवर सगळा दोष टाकणं मात्र अन्यायाचं होईल. गावांसाठी गावाची जंगलं राखून ठेवावीत, असा आग्रह त्यानं धरला होता. १८७८चा वनकायदा झाला तेव्हा सरकारी मालकीचा आग्रह धरणाऱ्यांचं पारडं जड ठरलं. निजामाचं राज्य वेगळं होतं, तरी जंगलाकडं पाहण्याची ही नजर हैदराबादलाही पोचली आणि १९४८ नंतर ती आपल्याला आयती मिळाली.

आजची मोजणीही याच नजरेनं होते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था किमान एक हेक्टर क्षेत्र आणि त्यावर किमान दहा टक्के झाडांची सावली असेल, तर त्याला वनाच्छादन म्हणते. मालकी कुणाचीही असो. त्यामुळे एखादी दाट आमराई या मोजणीत जंगल ठरू शकते. आणि जिंतूरच्या ज्या टेकडीवर पंचवीस जातींची झुडपं आणि पुरुषभर गवत आहे, ती ‘खुरटं रान’ म्हणून वेगळ्या रकान्यात जाते. आमचा जिल्हा एक टक्क्यावर का आहे याचं एक कारण आमची नांगरट आहे, हे खरं. दुसरं कारण असं की, आमच्याकडं जे आहे ते मोजायलाच कुणी तयार नाही.

झाडं लावण्याचा उत्साह

आकडा कमी दिसला की सरकारला एकच उपाय सुचतो, झाडं लावा. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी झाडांपासून सुरुवात झाली. पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींचं उद्दिष्ट. झाड लावण्याला कोण विरोध करेल? लावलेल्या झाडाचं फळ माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचं पुण्य, असं हदीस सांगते. प्रश्न झाड लावण्याचा नाही, ते कुठं आणि काय काढून लावतो याचा आहे.

रस्त्याच्या कडेला लावा, बांधावर लावा, शाळेत, कब्रस्तानात, दर्ग्याच्या आवारात, तांड्यावर लावा. तिथं सावलीची गरज आहे. पण उद्दिष्ट कोटीत असलं की एवढे खड्डे खोदायला सलग मोकळी जागा लागते, आणि ‘मोकळी’ दिसते ती गायरानं आणि माळरानं. मग गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती खोदली जाते. रोपं निवडताना जनावर खाणार नाही अशी निवडली जातात, म्हणून गिरिपुष्प पसंत. म्हणजे ज्या जमिनीवर शेळ्या जगत होत्या, तिथं मुद्दाम शेळी खाणार नाही असं झाड. वर कुंपण. हिशोबात हिरवळ वाढते आणि गावातलं एक घर कमी खातं.

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण आपल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवं. तिथं सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात गवताचे पट्टे राखले गेले आणि त्या गवतात माळढोक दिसू लागले. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसणं दुर्मीळ आहे. त्याची कारणं अनेक आहेत; माळाचं रूपांतर शेतीत होणं हे त्यातलं मोठं. पण माळावर झाडांची लागवड करणं हेही पक्षी अभ्यासक त्यात मोजतात. माळढोकाला उघडा माळ लागतो. काळविटाला, लांडग्याला, चंडोलालाही तोच लागतो.

शेतकऱ्याचाही यात थेट संबंध आहे. हरणं हरभरा खातात, रोही आणि रानडुकरं तूर-सोयाबीन तुडवतात, आणि रात्र जागून काढणारा शेतकरी वैतागतो. त्याचा वैताग खोटा नाही. पण हरणाचं गवत आपण नांगरलं, लांडग्याची जागा आपण संपवली, तर हरीण दुसरीकडं कुठं जाणार? पाण्याचंही तसंच. येलदरीचं धरण पूर्णेवर आहे, त्याच्या भोवतीच्या उतारांवरचं गवत पावसाचा जोर मोडतं आणि माती धरून ठेवतं. उतार उघडा पडला की तीच माती गाळ होऊन धरणात जाऊन बसते. खुरटं रान आमच्यासाठी पाण्याची राखण करतं, बिनपगारी.

शेळीवाले, शेतीवाले आणि वनवाले

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, मग सगळं मोकळं सोडायचं का? शेळी कोवळा कोंभ ठेवत नाही, हे तर खरंच आहे. माझं उत्तर असं की, नाही, बेबंद चराईनं रान टिकत नाही. हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, गवत कापून गोठ्यात नेण्याची पद्धत लावली आणि गवताचं उत्पन्न वाढवून दाखवलं. ते गाव राज्याला ठाऊक आहे ते उगीच नाही. पण तिथं निर्णय गावानं घेतला होता आणि गवत गावालाच मिळालं. बाहेरून येऊन फलक लावणं आणि गावानं आपसांत ठरवणं, या दोन्हींत शब्द एकच असला, ‘चराईबंदी’, तरी अर्थ वेगळा होतो.

गायरानाचा दुसरा दावेदार भूमिहीन दलित कुटुंब आहे. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, त्यात पडीक सरकारी जमिनीची मागणी होती. पुढं एकनाथ आव्हाडांनी मानवी हक्क अभियानातून मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न लावून धरला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या बाहेर ठेवलं, त्यांनी गावाच्या कडेचा तुकडा कसला, तर त्यांना अतिक्रमक म्हणताना माझी जीभ वळत नाही. पर्यावरणाच्या नावाखाली गरिबाचं बिऱ्हाड उचलायचं आणि तीच जमीन उद्या कंपनीला भाड्यानं द्यायची, हा खेळ आपण पाहतोच आहोत. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. शेतीला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू चांगलाच आहे, पण त्यासाठी सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, भाडेपट्ट्यानं दिली जात आहेत. शेळी आली की रान नासतं आणि पॅनल आलं की विकास होतो, हा न्याय कुणी शिकवला?

म्हणून खरा प्रश्न हक्कांच्या क्रमाचा आहे. गवत थोडं आणि तोंडं फार असतील, तर पहिल्यांदा कुणाला आत सोडायचं?

या प्रश्नाला माझ्या वाचनात आलेलं सर्वांत स्पष्ट उत्तर तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते अरबस्तानातल्या माळरानावरचं आहे. तिथं ‘हिमा’ नावाची राखीव कुरणं असत. पैगंबरांनी मदिनेजवळ नकीअ इथं असं कुरण राखलं होतं. पुढं खलिफा उमर यांनी एका कुरणावर हुनई नावाच्या, गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाला राखणदार नेमलं, तेव्हा त्याला दिलेली ताकीद सहीह बुखारीत नोंदलेली आहे. तिचा मतलब असा: ज्याच्याकडं मोजकी उंटं आणि मोजक्या मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, आणि अब्दुर्रहमान बिन औफ व उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांबाबत सावध राहा. हे दोघं साधे लोक नव्हते. पैगंबरांचे जवळचे सोबती, शहरातले धनिक, त्यातले उस्मान तर पुढं स्वतः खलिफा झाले. उमर यांचं कारण व्यावहारिक होतं. या मोठ्यांची जनावरं मेली तर त्यांना खजुराच्या बागा आहेत, शेती आहे. लहान माणसाची मेली तर तो लेकरं घेऊन माझ्या दारात येईल, आणि मग मला खजिन्यातलं सोनं-चांदी द्यावं लागेल. त्यापेक्षा गवत आणि पाणी देणं स्वस्त.

यातली श्रद्धा बाजूला ठेवली तरी कारभाराचा शहाणपणा उरतोच. उमर यांनी कुरण राखीवच ठेवलं. राखणदार नेमला, कुंपण मोडलं नाही. फक्त फाटकावरचा क्रम ठरवून दिला. आपल्याकडं क्रम नेमका उलटा असतो. सात शेळ्यांच्या आजीला फलक दाखवला जातो, आणि ज्याच्या दावणीला तीस म्हशी आहेत किंवा ज्याचे ट्रॅक्टर मुरूम उपसतात, त्याला फाटक आपोआप उघडतं.

करता येण्यासारखं

कायद्यात जागा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी गावाच्या जनावरांसाठी चराईची जमीन राखून ठेवू शकतात. २००६चा वनहक्क कायदा चराईचा आणि गौण वनउपजाचा सामूहिक हक्क मानतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये असा हक्क मिळवून दाखवला. आदिवासी नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. आमच्या डोंगराच्या कडेला राहणाऱ्या धनगर, बंजारा, दलित, मुस्लीम घरांकडं तो कागद कुठून असणार? तिथं निजामकाळातले उर्दू दप्तर कामी येऊ शकतं. ते वाचू शकणारी माणसं आपल्या समाजात अजून आहेत. उर्दू शाळेतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींनी आपल्या गावाच्या कुरणाच्या जुन्या नोंदी वाचून दिल्या, तर ती मोठी खिदमत ठरेल.

दुसरं, गावानं आपल्या रानाची स्वतःची मोजणी करावी. सावलीची टक्केवारी राहू द्या. किती पाट्या सीताफळं उतरली, किती घरांच्या शेळ्या चरल्या, किती भारे गवत निघालं, हे लिहावं. जी जमीन एवढं देते, तिला पडीक म्हणताना मग तलाठ्याचाही हात अडखळेल.

तिसरं, रान पाळीपाळीनं विश्रांतीला सोडावं. एका पावसाळ्यात हा उतार बंद, पुढच्यात तो. पण बंद करताना ज्यांच्याकडं दुसरी जागा नाही त्यांच्यासाठी एक भाग उघडा ठेवून.

वर्षातून चारदा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. तिथं रस्ते, नाल्या, घरकुलं यांवर तासन्‌तास बोललं जातं. पुढच्या सभेत कुणीतरी उठून एवढंच विचारावं: आपल्या गावात सगळ्यांत कमी जनावरं कुणाच्या घरी आहेत, आणि ती चरायला कुठं जातात?